तंजावरचे श्वार्ट्झ : विश्वासावर उभे राहिलेले मदतकार्य

तिरुवैयारु ते तंजावर हा कावेरीकाठचा सुपीक पट्टा भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसले घराण्याच्या राज्यातील या प्रदेशावर १७८१ मध्ये हैदरअलीच्या सैन्याने स्वारी केली. शेते ओस पडली, दुष्काळ पसरला आणि भुकेले ग्रामस्थ तंजावरकडे येऊ लागले. त्या काळात मदतकार्याची धुरा ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने सांभाळली.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ मध्ये प्रशियातील सोनेनबुर्ग येथे झाला. १७५० मध्ये ते तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आले आणि पुढे तंजावर येथे स्थायिक झाले. त्यांना तमिळ आणि राजदरबारातील मराठी या दोन्ही भाषा अवगत होत्या.

महागाई वाढण्यापूर्वीच त्यांनी तांदूळ खरेदी करून ठेवला होता. त्यातून उपाशी लोकांना अन्न देण्यात आले. किल्ल्यातील साठा मात्र संपत आला होता. खेड्यांत धान्य होते. पण आधीच्या धान्याचे पैसे न मिळाल्याने शेतकरी ते देण्यास तयार नव्हते. राजे आणि इंग्रज कंपनी या दोघांचीही पत संपली होती. अखेर तुळजाजीराजांनी बोलणी करण्याचे अधिकार श्वार्ट्झ यांना दिले. त्यांनी मोबदल्याची हमी स्वतः घेतली. एक-दोन दिवसांत सुमारे १ हजार बैल मिळाले आणि थोड्याच काळात स्थानिक मापाने सुमारे ८० हजार कलम धान्य जमा झाले. ठरलेले पैसेही चुकते करण्यात आले.

पुढे अधिकाऱ्यांच्या जुलमाला कंटाळून हजारो शेतकऱ्यांनी राज्य सोडले. राजांच्या आश्वासनानेही ते परतले नाहीत. श्वार्ट्झ यांनी न्याय्य वागणुकीची ग्वाही दिल्यावर एकाच दिवसात ७ हजार जण परतल्याची नोंद त्यांच्या वृत्तांतात आहे. पेरणीचा हंगाम जवळपास टळला होता. तरीही शेतकऱ्यांच्या अहोरात्र श्रमामुळे आदल्या वर्षापेक्षा चांगले पीक आले.

१७८७ मध्ये निधनापूर्वी तुळजाजीराजांनी दत्तकपुत्र सरफोजी यांना श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन केले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे निधन झाले. त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर आले. ओरत्तनाडू येथील त्यांच्या मुक्तांबाळ छत्रात अन्नदानाबरोबरच शिक्षण व औषधोपचाराची सोय होती. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतलेले संगमरवरी स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

किल्ला वाचवणारे धान्य गावकऱ्यांचे होते आणि ओसाड शेते पिकवणारे हात परतलेल्या विस्थापितांचे होते. श्वार्ट्झ यांनी त्यांना दिलेला शब्द पाळला.