अक्षराचा पन्हा आणि जावजींची शिस्त

छापील अक्षर लाखो लोक वाचतात. ते घडविणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या उपेक्षेला मराठीत जे थोडे अपवाद आहेत, त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे स्थान अग्रभागी आहे. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक म्हणून ते सर्वज्ञात आहेत. पण छापखानदार होण्याआधी ते अक्षराचे कारागीर होते, आणि त्यांच्या थोरवीचे मूळ तेथेच आहे.

जावजींचा जन्म 1839 साली मुंबईत झाला. घरची स्थिती गरिबीची, शिक्षण जेमतेम. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर अल्प वेतनाने लागले. तेथील टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांना सुबक वळण देण्याचे मोठे काम चालविले होते. त्या वातावरणात जावजींचा हात आणि नजर तयार झाली. पुढे टाइम्स व इंदुप्रकाश यांच्या छापखान्यांतून अनुभव घेऊन त्यांनी 1864 मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. पोलादावर अक्षर कोरण्याच्या कामी त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा असामान्य सहकारी लाभला. त्यांच्या खिळ्यांना देशभर मागणी आली. 1886 पासून निघालेल्या काव्यमालेने कित्येक दुर्मीळ संस्कृत ग्रंथ विद्वानांच्या हाती शुद्ध व सुवाच्य स्वरूपात दिले. 5 एप्रिल 1892 रोजी जावजी निवर्तले, तेव्हा निर्णयसागर हे नाव निर्दोष छपाईचे प्रमाण ठरले होते.

या यशाचे मर्म कामाच्या पद्धतीत होते. खिळा घडविताना प्रथम पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरावे लागे. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करीत, आणि साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतीत. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे व मात्रांमुळे असे कित्येक शे खिळे तयार करावे लागत. शिवाय प्रत्येक आकारासाठी हा सारा खटाटोप नव्याने करावा लागे. लहान अक्षराची पोकळी जरा मोकळी ठेवायची, मोठ्या अक्षराचा जाडपणा वेगळ्या प्रमाणात तोलायचा, हा निर्णय दर वेळी माणसाच्या डोळ्यानेच घ्यावा लागे. धातूला ताणता येत नाही, दाबताही येत नाही. मथळा ओळीत मावला नाही, तर उपसंपादक शब्द कमी करी. अक्षराला कोणी हात लावीत नसे.

संगणकाने हे बंधन काढून टाकले. सोलापूरच्या भवानी पेठेतून सहज एक फेरी मारली, तरी त्याचे परिणाम दृष्टीस पडतात. दुकानाचे नाव लांब आणि फलक अरुंद, म्हणून अक्षरे दोन्ही बाजूंनी चेपलेली. अरुंद अक्षर हे मुळात वाईट नव्हे. मथळा, फलक, भित्तिपत्रक यांना त्याची गरज असते, आणि थोड्या जागेत मोठी उंची मिळते हा त्याचा खरा गुण आहे. परंतु मुळात अरुंद म्हणून रेखाटलेले अक्षर वेगळे आणि रुंद अक्षर दाबून अरुंद केलेले वेगळे. दाबल्याने उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेघ मात्र जाडच राहते, आणि पोकळ्या बुजतात. देवनागरीत तर याने अर्थाचीच हानी होते. भ आणि म, ध आणि घ यांच्यातील भेद शिरोरेघेतल्या लहानशा फटीवर अवलंबून असतो. ती फट मिटली की भवानीची मवानी होते. र आणि व फार जवळ आले की दुरून ख वाचला जातो.

विणकरांच्या या गावाला ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही. कमी पन्ह्याची चादर हवी असेल, तर विणकर मागावर ताण्याचे गणित नव्याने मांडतो. विणलेली चादर दोन्ही बाजूंनी आवळून तो पन्हा कमी करीत नाही. जावजींच्या कारखान्याची शिस्त याच जातीची होती.

दुकानांवरील मराठी नावांविषयी 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान नसावे, हे लहानमोठ्या सर्व दुकानांना लागू झाले. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. पण कायदा अक्षराचा आकार पाहतो, सुवाच्यता पाहत नाही. उंचीची अट पाळून अक्षर चिंचोळे केले, तर कायद्याचे पालन होते आणि मराठी मात्र वाचता येत नाही. ज्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू घराघरांत बोलल्या जातात, तेथे ही बाब अधिकच महत्त्वाची आहे. मराठी ज्याची मायबोली नाही, त्याला ती रस्त्यावरच्या फलकांतूनही शिकायची असते. त्याच्या डोळ्यांसमोर अक्षर स्वच्छ असले पाहिजे.

उपाय दूर नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने मुळातच अरुंद म्हणून रेखाटलेले खंड व टेको हे देवनागरी टाइप 2014 साली सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. फलक करणाऱ्यांनी दाबलेल्या अक्षराऐवजी असे अक्षर निवडावे, आणि नाव मावत नसेल तर शब्द कमी करावेत. महापालिकेने निदान आपल्या फलकांपुरता हा नियम घालून घेतला, तरी इतरांना धडा मिळेल.

जावजींच्या काळी साधने तोकडी होती आणि श्रम अपार होते. तरीही अक्षराला इजा होऊ देणे त्यांना मान्य नव्हते. आज साधने मुबलक असून श्रम नाममात्र उरले आहेत. अशा वेळी अक्षराची हेळसांड होत असेल, तर तिचा दोष यंत्रावर ढकलता येणार नाही.