काबूलहून रोमला, मुंबईमार्गे

मुंबईत ७ जून १९२९ रोजी एका परदेशी दाम्पत्याच्या पोटी मुलगी जन्मली. आईवडिलांनी तिचे नाव 'इंडिया' ठेवले. वडील दोनच आठवड्यांपूर्वीपर्यंत आपल्या देशाच्या गादीसाठी लढत होते. २३ मे रोजी त्यांनी चमनजवळ सरहद्द ओलांडली, तेथून रेल्वेने मुंबई गाठली आणि आता ते युरोपला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत होते. हे गृहस्थ म्हणजे अफगाणिस्तानला पूर्ण स्वातंत्र्य मिळवून देणारे अमानुल्ला खान, आणि त्या मुलीची आई म्हणजे राणी सुरैया.

याच शहराने दीड वर्षापूर्वी, डिसेंबर १९२७ मध्ये, त्यांचे राजेशाही स्वागत केले होते. ज्या शहरात पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या इंग्रजी फौजेच्या स्मरणार्थ कुलाब्याचे अफगाण चर्च उभे आहे, त्याच शहरात अफगाणिस्तानचा राजा सरकारी पाहुणा म्हणून उतरला होता. हिंदू-मुसलमानांनी सलोख्याने राहावे असे आवाहन करून ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा आपण परत याच बंदरातून, पण राज्य गमावून, जाणार आहोत याची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते.

अमानुल्ला यांचा जन्म १ जून १८९२ रोजी काबूलजवळच्या पगमान येथे झाला. अमीर हबिबुल्ला यांचे ते तिसरे पुत्र. गादीवर त्यांचा पहिला हक्क नव्हता, पण आई उलिया हजरत ही दरबारात वजन असलेली, महत्त्वाकांक्षी स्त्री होती. १९१३ मध्ये त्यांचा विवाह सुरैया हिच्याशी झाला आणि या विवाहाने त्यांच्या आयुष्याला वळण लागले. सुरैयाचे वडील महमूद तर्झी हे स्वतःच निर्वासिताचे जिणे जगून परतलेले. पूर्वीच्या अमिराच्या रोषामुळे तर्झी कुटुंबाला देश सोडावा लागला होता आणि सुरैयाचा जन्म दमास्कसचा. परतल्यावर तर्झींनी १९११ मध्ये 'सिराज-उल-अखबार' हे वृत्तपत्र सुरू केले. शिक्षण, विज्ञान, स्वातंत्र्य, तुर्कस्तानातील घडामोडी या साऱ्याची ओळख अफगाण दरबाराला या पत्राने करून दिली. तरुण अमानुल्ला हे सासऱ्यांचे सर्वांत निष्ठावान वाचक म्हणावे लागतील.

२० फेब्रुवारी १९१९ च्या रात्री शिकारीच्या मुक्कामावर अमीर हबिबुल्ला यांची तंबूत गोळी घालून हत्या झाली. काका नसरुल्ला यांनी जलालाबादेत स्वतःला अमीर घोषित केले. अमानुल्ला त्या वेळी काबूलचा कारभार पाहत होते. खजिना, शस्त्रागार आणि राजधानीची फौज त्यांच्या हाती होती. त्यांनी सैनिकांचा पगार वाढवण्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच काकांना माघार घ्यावी लागली. नसरुल्ला पुढे कैदेतच वारले. फौज ज्याच्या बाजूला, गादी त्याची, हा धडा अमानुल्लांना सत्तेच्या पहिल्याच आठवड्यात मिळाला होता. पुढे नेमका हाच धडा ते विसरले.

तोपर्यंत अफगाणिस्तानचे परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या हाती असे. अमिराला त्यासाठी वार्षिक तनखा मिळे. अमानुल्लांनी गादीवर येताच संपूर्ण स्वातंत्र्य जाहीर केले आणि मे १९१९ मध्ये अफगाण फौजा खैबरच्या बाजूने सरहद्द ओलांडून आल्या. पहिल्या महायुद्धाने थकलेले इंग्रज आणि तुटपुंज्या तोफखान्याची अफगाण फौज यांचे हे युद्ध महिनाभरच चालले. २४ मे रोजी इंग्रजांच्या एका विमानाने थेट काबूलवर बॉम्ब टाकले. डोंगरांनी राखलेल्या या राजधानीने असा हल्ला पूर्वी कधी पाहिला नव्हता. रणांगणावर अफगाणांचा विजय झाला असे म्हणता येणार नाही, पण ८ ऑगस्ट १९१९ रोजी रावळपिंडीला तह झाला आणि परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार काबूलला परत मिळाला. तनखा बंद झाला, देश मात्र स्वतंत्र झाला. सत्तावीस वर्षांचा हा राजा 'गाझी' म्हणून ओळखला जाऊ लागला.

हिंदुस्थानात त्यांच्याविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. राजा महेंद्र प्रताप आणि मौलाना बरकतुल्ला यांनी हिंदुस्थानचे हंगामी सरकार १९१५ मध्ये काबूलमध्येच स्थापन केले होते. १९२० मध्ये खिलाफत चळवळीच्या भरात हजारो हिंदी मुसलमान घरदार विकून अफगाणिस्तानकडे निघाले. अमानुल्लांनी आधी त्यांचे स्वागत केले, पण एवढ्या लोकांना पोसण्याची ताकद त्या गरीब देशात नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांना हे लोंढे थांबवावे लागले. परतीच्या वाटेवर अनेकांचे अतोनात हाल झाले. आधी शब्द देऊन बसायचे आणि हिशेब मागाहून करायचा, हा अमानुल्लांचा स्वभाव येथे प्रथम दिसला.

त्यांच्या कारकिर्दीतील सुधारणांची यादी मात्र कोणालाही थक्क करील. १९२१ मध्ये काबूलमध्ये मुलींची शाळा निघाली. राणी सुरैया आणि तिची आई यांनी तिच्या कामात पुढाकार घेतला. फ्रेंच आणि जर्मन शिक्षकांच्या शाळा आल्या. १९२३ मध्ये देशाला पहिली राज्यघटना मिळाली. गुलामगिरी बेकायदा ठरली. पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या हजारा जमातीच्या लोकांना या एका कलमाने माणूसपण दिले. हिंदूंवरील जिझिया आणि वेगळ्या रंगाच्या पगडीची सक्ती हटवण्यात आली. अफगाणी हे नवे चलन आले. काबूलबाहेर जर्मन वास्तुविशारदांच्या मदतीने दारुल अमान ही नवी राजधानी उभी राहू लागली आणि तिथपर्यंत जाणारी छोटी रेल्वेही टाकली गेली.

या साऱ्याला पैसा लागत होता आणि तो शेतकऱ्याच्या करातून येत होता. वस्तूंच्या रूपाने दिला जाणारा कर आता रोख मागितला जाऊ लागला. वसुली करणारे अधिकारी मधल्या मधे हात मारून घेत. लष्करातील भरतीचा अधिकार पूर्वी टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांकडे होता, तो काढून घेऊन चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली. १९२४ मध्ये खोस्त भागात 'लंगडा मुल्ला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली बंड पेटले. ते मोडायला जवळजवळ वर्ष लागले आणि त्यासाठी राजाला तडजोडी कराव्या लागल्या. मुलींच्या शिक्षणावर बंधने आली, हिंदू आणि ज्यूंवरील वेगळा कर आणि पेहरावाची अट घटनेत परत आली. युद्धमंत्री नादिर खान यांचे राजाशी लष्कराच्या प्रश्नावरून पटेना. त्यांना वकील म्हणून पॅरिसला पाठवण्यात आले. लष्कराकडे पाहणारा जाणता माणूस असा देशाबाहेर गेला आणि सैनिकांचा पगार, ज्याच्या जोरावर अमानुल्ला गादीवर आले होते, तो कमी होत गेला.

अशा वेळी राजाने सात महिने देशाबाहेर राहावे काय? अमानुल्लांनी तसे केले. मुंबईहून इजिप्त, तेथून इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, पोलंड, सोव्हिएत रशिया, तुर्कस्तान आणि इराण असा हा दौरा झाला. स्वतंत्र आशियाई देशाचा राजा म्हणून युरोपने त्यांना डोक्यावर घेतले. इटलीच्या राजाने त्यांना 'अनुन्झियाता' हा सर्वोच्च सन्मान दिला. तो धारण करणारा इटलीच्या राजाचा मानलेला चुलत बंधू समजला जाई. ही औपचारिक बाब पुढे फार उपयोगी पडली. बर्लिनमध्ये त्यांनी भुयारी रेल्वे स्वतः चालवून पाहिली. त्या जातीच्या डब्यांना बर्लिनकर पुढे कित्येक वर्षे 'अमानुल्ला डबे' म्हणत. अंकारात केमाल पाशांनी त्यांना आधी फौज मजबूत करा, सुधारणा मागाहून, असा सल्ला दिल्याचे सांगितले जाते.

जुलै १९२८ मध्ये ते स्वतः मोटार हाकत इराणमार्गे काबूलला परतले. त्यानंतरचे सहा महिने म्हणजे एखाद्या माणसाने स्वतःच्या हाताने आपले घर पेटवावे तसे वाटतात. पगमान येथे सुमारे हजार प्रतिनिधींची लोया जिरगा भरवण्यात आली. दाढी आणि पगडीतल्या त्या टोळीप्रमुखांना काळा कोट, पाटलोण आणि हॅट घालून बसवण्यात आले. सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षे झाली. शस्त्रखरेदीसाठी नवी वर्गणी बसली. देवबंदला शिकलेल्या मुल्लांना बंदी घालण्याचा घाट घातला गेला. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची गुरुवारवर आली. काही मुलींना शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये एका सभेत राजाच्या भाषणानंतर राणी सुरैयाने सर्वांसमक्ष चेहऱ्यावरील पडदा दूर केला.

अमानुल्लांचा पाडाव सुरैयाच्या बुरख्यामुळे झाला, असे सर्रास सांगितले जाते. युरोपातील मेजवान्यांमधील तिची छायाचित्रे टोळ्यांच्या प्रदेशात वाटली गेली, त्यामागे इंग्रजांचा हात होता, असा संशय तेव्हाही होता. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स नेमका त्या काळात सरहद्दीवरील मीरानशाहच्या विमानतळावर दुसऱ्या नावाने साधी नोकरी करीत होता. वृत्तपत्रांतून इतका गहजब झाला, की जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून मायदेशी धाडण्यात आले. पण बुरखा आणि लॉरेन्स या दोन्ही गोष्टी चवीने सांगण्यासारख्या आहेत म्हणूनच अधिक सांगितल्या गेल्या. बंड करणाऱ्यांच्या तक्रारींत कर, सक्तीची भरती आणि लाचखोरी यांचे पारडे हलके नव्हते. आणि बंड मोडायचे ज्यांनी, त्या शिपायांना पोटभर पगार नव्हता.

नोव्हेंबर १९२८ मध्ये जलालाबादच्या बाजूला शिनवारी टोळी उठली. डिसेंबरमध्ये उत्तरेकडून हबिबुल्ला कलकानी हा भिश्त्याचा मुलगा, 'बच्चा-ए-सक्का', आपल्या माणसांसह काबूलच्या वेशीवर आला. फौज विरघळत गेली. बर्फाने वाटा बंद झालेल्या शहरातून इंग्रजांच्या विमानांनी दोन महिन्यांत ५८६ माणसे बाहेर काढली. राजाने बहुतेक सुधारणा मागे घेतल्या, पण वेळ गेलेली होती. १४ जानेवारी १९२९ रोजी अमानुल्लांनी थोरले सावत्र बंधू इनायतुल्ला यांच्या हाती गादी सोपवली आणि बर्फातून मोटारीने कंदाहारकडे निघून गेले. इनायतुल्लांचे राज्य जेमतेम तीन दिवस टिकले. तेही इंग्रजांच्या विमानातून पेशावरला गेले.

कंदाहारला अमानुल्लांनी राजत्याग मागे घेतला आणि वसंतात फौज जमवून गझनीपर्यंत धडक मारली. स्वतःच्या दुराणी टोळ्यांनीही त्यांना मनापासून साथ दिली नाही. गिलझाई तर उघड विरोधात गेले. त्यांच्या बाजूने जिवावर उदार होऊन उभे राहिले ते हजारा. ज्यांना गुलामगिरीतून सोडवले, ते लोक या पडत्या राजाला विसरले नव्हते. पण गझनीहून माघार घ्यावी लागली आणि मग चमन, मुंबई आणि जूनअखेरीस युरोपची बोट. इटलीच्या राजाने दिलेला तो सन्मान आता कामी आला. अमानुल्ला आणि सुरैया रोमला स्थायिक झाले. सासरे महमूद तर्झी इस्तंबूलला गेले आणि तेथेच १९३३ मध्ये वारले.

रोममधील एकतीस वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे, आणि निर्वासित राजाची शोकांतिका बहुधा हीच असते. ऑक्टोबर १९२९ मध्ये नादिर खानांनी काबूल जिंकले. ते अमानुल्लांना परत बोलावतील या आशेने अनेकांनी त्यांना मदत केली होती, पण नादिर स्वतःच राजे झाले. अमानुल्लांच्या समर्थकांना तुरुंग आणि फास वाट्याला आला. १९३३ मध्ये नादिर शाहांचीही हत्या झाली आणि त्यांचे पुत्र झहीर शाह गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनीत अमानुल्लांना पुन्हा काबूलला बसवण्याचा बेत शिजला होता, तो कागदावरच राहिला. युद्ध संपल्यावर अमानुल्लांनी झहीर शाहांचे राज्य मान्य केले. योगायोग असा, की १९७३ मध्ये झहीर शाहही इटलीत असतानाच पदच्युत झाले आणि त्यांनीही जवळजवळ तीन दशके रोममध्येच काढली.

अमानुल्लांचे निधन २५ एप्रिल १९६० रोजी झुरिक येथे झाले. त्यांचा देह मायदेशी नेऊन जलालाबादेत वडिलांच्या कबरीजवळ दफन करण्यात आला. ज्या शहराच्या परिसरातून त्यांच्याविरुद्धचा उठाव सुरू झाला, त्याच शहरात त्यांना जागा मिळाली. १९६८ मध्ये सुरैयालाही तेथेच आणण्यात आले. दारुल अमानचा महाल १९९० च्या दशकातील यादवीत तोफगोळ्यांनी चाळण झाला. स्वातंत्र्याच्या शताब्दीसाठी २०१९ मध्ये तो पुन्हा उभा करण्यात आला. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, तालिबान काबूलला परतले आणि सहावीच्या पुढील मुलींच्या शाळा बंद झाल्या. काबूलमध्ये मुलींची पहिली शाळा निघाली होती, त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

मुंबईत जन्मलेली राजकन्या इंडिया रोममध्ये वाढली. आजोबांच्या नावाने महमूद तर्झी सांस्कृतिक प्रतिष्ठान तिने उभारले आणि अफगाण मुलांच्या शिक्षणाच्या कामात लक्ष घातले. उतारवयात ती काबूलला जाऊन येत असे. २०२३ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, तिचे निधन झाले.