इमाम गझाली आणि रोज्याचा अर्थ

वाचकहो, रमजानचा चाँद दिसला की आपल्या घरांतून पहाटेच्या सहेरीची लगबग सुरू होते. घरातले सात-आठ वर्षांचे मूल पहिला रोजा धरण्याचा हट्ट करते आणि दुपार टळली की आईला विचारते, आपण उपाशी कशासाठी राहायचे? आपण बहुतेक जण एकच उत्तर देतो. गरिबांची भूक कशी असते ते कळावे म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मूल चौकस असेल तर ते पुढे विचारील की, ज्या गरिबाला भूक बारा महिने ठाऊकच आहे त्याने मग रोजा का धरावा? रोजे तर त्याच्यावरही फर्ज आहेत. येथे आपण गप्प बसतो.

या प्रश्नाचे उत्तर एका अशा पुरुषाने लिहून ठेवले आहे, ज्याने लहानपणी गरिबाची भूक पाहिली, तरुणपणी वजिरांच्या पंक्तीला बसून पोटभर खाल्ले, आणि मग एके दिवशी ज्याच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. ते म्हणजे हुज्जतुल इस्लाम इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.). त्यांचे नाव आपण वाझांतून ऐकतो, पण त्यांचे चरित्र आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

इराणच्या खुरासान प्रांतात तूस नावाचे शहर होते. तेथे इ. स. १०५८ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ४५० मध्ये, गझालींचा जन्म झाला. वडील लोकर कातून ती विकत आणि त्यावर घर चालवीत. शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसण्याची त्यांना भारी हौस. मृत्यू जवळ आला तेव्हा आपले शिक्षण राहून गेले याचीच खंत त्यांना लागली होती. त्यांनी गाठीला होते तेवढे पैसे एका सूफी मित्राच्या हाती दिले आणि मुहम्मद व अहमद या दोन मुलांना शिकवण्याची गळ घातली. पैसे फार नव्हतेच. ते संपले. तो मित्रही फकीर माणूस, त्याच्याजवळ काय असणार? त्याने मुलांना खरे काय ते सांगितले आणि मदरशात जाऊन राहण्याचा सल्ला दिला. तेथे विद्यार्थ्याला पोटापुरते अन्न मिळत असे.

पालकहो, एवढ्या मोठ्या इमामाच्या शिक्षणाची सुरुवात भाकरीसाठी झाली, ही गोष्ट थोडी थांबून ध्यानात घ्या. पुढे स्वतः गझाली ती मोकळेपणाने सांगत. आपण विद्या अल्लाहसाठी मिळवायला गेलो नव्हतो, पण विद्येनेच अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाची होण्याचे नाकारले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. वसतिगृहातल्या दोन वेळच्या जेवणासाठी शाळेत आलेला मुलगा आपल्या संस्थांतूनही असतो. त्याला कोणी कमी लेखू नये.

तूसमध्ये आरंभीचे शिक्षण झाल्यावर हा मुलगा कास्पियन समुद्राकडील जुर्जान येथे शिकायला गेला. परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला, अशी एक गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. बाकी सारे गेले तरी चालेल, पण टिपणांची पिशवी तेवढी द्या, म्हणून हा तरुण त्यांच्या मागे धावला. म्होरक्याला हसू आले. जे ज्ञान पिशवी हिसकावताच जाते त्याला ज्ञान कसे म्हणायचे, असा त्याचा टोला होता. पिशवी परत मिळाली, पण टोला लागला तो लागलाच. पुढची ३ वर्षे गझालींनी ती टिपणे मुखोद्गत करण्यात घालवली. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड चाळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी!

त्यानंतर निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखा थोर उस्ताद लाभला. इ. स. १०८५ मध्ये जुवैनी वारले आणि गझाली सेल्जुक सुलतान मलिकशाहाचा वजीर निजामुल्मुल्क याच्या छावणीत दाखल झाले. निजामुल्मुल्कही मूळचा तूसकडचाच. विद्वानांचा त्याला मोठा शौक. वादविवादांत गझालींचा हात धरणारा कोणी उरला नाही, तेव्हा वजिराने १०९१ मध्ये त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे ३३. एकेका वेळी ३०० विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. बगदादेत आले तेव्हा त्यांच्या अंगावरील वस्त्रांची व सवारीची किंमत ५०० दिनार भरली असती, असे सांगतात. लोकर कातणाऱ्याचा पोरका मुलगा कुठल्या कुठे गेला होता.

आणि मग १०९२ चा रमजान आला. सुलतानाचा लवाजमा इस्फहानहून बगदादकडे निघाला होता. १० रमजानच्या संध्याकाळी निजामुल्मुल्कने रोजा इफ्तार केला आणि तो पालखीतून जनान्याच्या तंबूकडे निघाला. इतक्यात एक तरुण अर्जदाराच्या मिषाने पुढे झाला आणि त्याने सुरा भोसकला. सुमारे महिनाभराने सुलतान मलिकशाहाही वारला आणि गादीसाठी झगडे सुरू झाले. ज्याच्या छत्राखाली गझाली वाढले ते छत्र एका रमजानच्या रात्री नाहीसे झाले होते. या एका घटनेने त्यांचे मन पालटले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. माणसाचे मन इतके सरळ नसते. पण त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी स्वतःची झडती घेतली, हे निश्चित.

त्या झडतीत त्यांना जे दिसले ते पुढे त्यांनी आपल्या आत्मवृत्तात न लपवता लिहिले. आपण शिकवतो ते अल्लाहच्या राजीखुशीसाठी की नावलौकिकासाठी? उत्तर आले, नावलौकिकासाठी. बगदाद सोडावे असे सकाळी वाटे आणि संध्याकाळी तो निश्चय गळून जाई. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून, म्हणजे १०९५ च्या उन्हाळ्यापासून, सुमारे ६ महिने ही ओढाताण चालली. शेवटी शिकवायला बसले की जीभच उचलेना. मग अन्नावरची वासना गेली. पाण्याचा घोट गोड लागेना, घास पचेना, अंगातली शक्ती सरली. हकिमांनी हात टेकले. रोग मनाचा आहे, तेथे औषध लागू पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेली सारी मालमत्ता त्यांनी वाटून टाकली. मक्केला जातो असे सांगून निघाले आणि दमास्कसला गेले. निजामियाची गादी धाकटा भाऊ अहमद याने सांभाळली. दमास्कसच्या उमवी मशिदीच्या मिनारात चढून ते दार आतून लावून घेत आणि दिवस दिवस एकांतात बसत. तेथून बैतुल मुकद्दस, मग अल-खलील येथे हजरत इब्राहिम (अ.) यांची कबर, मग हज. यापुढे सुलतानाच्या दरबारी जायचे नाही, त्याचा पैसा घ्यायचा नाही आणि वादविवादाच्या आखाड्यात उतरायचे नाही, असा निश्चय त्यांनी इब्राहिमांच्या कबरीपाशी केला. बगदादेत पुन्हा दिसले तेव्हा अंगावरच्या कपड्यांची किंमत १५ किरातही भरली नसती, असे सांगतात.

याच भ्रमंतीच्या वर्षांत ‘इह्या उलूमुद्दीन’ हा त्यांचा महाग्रंथ आकाराला आला. त्याची ४० प्रकरणे आहेत आणि सहावे प्रकरण रोज्याच्या रहस्यांविषयी आहे. वाचकहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

गझाली स्वतः शाफई फिकहचे मोठे जाणकार. त्यांचे ‘वसीत’ आणि ‘वजीझ’ हे ग्रंथ शाफई उलेमांनी शतकानुशतके अभ्यासले, आणि आपल्या कोकणकिनाऱ्यावरील मुसलमान याच शाफई मजहबाचे आहेत. त्यामुळे रोजा कशाने तुटतो, कजा कधी आणि कफ्फारा कधी, हे सारे त्यांनी नीट सांगितले आहेच. पण ते तेथे थांबत नाहीत. फकीह रोज्याचे बाहेरचे रूप पाहतो. ज्या हेतूने रोजा फर्ज झाला तो हेतू साधला की नाही, हे निराळेच तपासावे लागते, असे ते बजावतात. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत तो हेतू स्पष्ट आहे : तकवा, म्हणजे अल्लाहची जाण ठेवून स्वतःला आवरणे.

मग ते रोज्याच्या ३ पायऱ्या मांडतात. सर्वसामान्यांचा रोजा पोटाचा आणि वासनेचा. त्यावरचा, सज्जनांचा रोजा साऱ्या अवयवांचा. आणि सर्वांत वरचा, पैगंबरांचा आणि अल्लाहच्या जवळच्यांचा रोजा हृदयाचा, ज्यात अल्लाहखेरीज दुसऱ्या कशाचा ध्यास लागला तरी तो भंगला. तिसरी पायरी आपल्या आवाक्यातली नाही. गझालींचा सारा भर दुसरीवर आहे. डोळ्यांनी पाहू नये ते पाहू नये. जिभेने चहाडी, खोटे, भांडण टाळावे. बोलणे जे हराम ते ऐकणेही हराम, म्हणून कानही सांभाळावा. हातापायांविषयी त्यांनी दिलेला दाखला तर विसरता येत नाही. हलाल अन्न हे औषधासारखे आहे, त्याचा अतिरेक तेवढा वाईट. हराम हे मात्र विषच. दिवसभर औषध टाळायचे आणि संध्याकाळी विष प्यायचे, याला काय म्हणावे? दुकानाच्या तराजूत मापटे मारून आलेल्या पैशाचा खजूर इफ्तारीला तोंडात घालणाऱ्याने हा दाखला जपून वाचावा.

आणि इफ्तारीबद्दल तर त्यांनी आपल्या दस्तरखानाकडे पाहूनच लिहिले की काय असे वाटते. रमजानसाठी लोक खाण्याचे पदार्थ साठवतात आणि एरवी कित्येक महिन्यांत खाणार नाहीत इतके प्रकार या एका महिन्यात खातात, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती ९०० वर्षांपूर्वीची आहे! भुकेने वासनेचे बळ मोडावे हा रोज्याचा हेतू. दिवसाचे जेवण रात्रीच्या जेवणात मिळवून दोन्ही एकदम चेपले तर वासना मोडेल कशी? उलट दिवसभर ताटकळल्याने ती दुपटीने चवताळेल. रात्री नेहमीइतकेच खावे, म्हणजे तहज्जुदला अंग हलके राहते. दिवसा झोपून वेळ काढू नये, भूक-तहान आणि थकवा जाणवू द्यावा. भजी, समोसे, फालुदा आणि फिरनी एका बैठकीत संपवून तरावीहला पेंगणाऱ्यांत मीही आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

आता त्या गरीब मुलाकडे येऊ. त्याच्यावर आलेली भूक हा रोजा नव्हे. बगदादेत आजाराने घास उतरेना, तोही रोजा नव्हता. एकात अन्न नव्हते, दुसऱ्यात इच्छा नव्हती. रोज्यात अन्नही असते, इच्छाही असते आणि माणूस स्वतःला आवरतो. ते आवरणे दुसऱ्या कोणाला दिसत नाही. नमाज दिसते, हज दिसतो, जकात घेणाऱ्याला तरी कळते. पण बंद खोलीत पाण्याचा पेला तोंडाला लावला की नाही, हे अल्लाहलाच ठाऊक. रोजा ही अशी आतली इबादत आहे, हे गझालींनी आवर्जून सांगितले. नावलौकिकाने ज्यांची जीभ बंद पाडली, त्यांना या इबादतीचे मोल किती वाटले असेल ते समजता येते. शिवाय असे स्वतःला आवरण्यासाठी धनवान असावे लागत नाही. ज्याच्यापाशी एकच भाकरी आहे तोही ती मगरिबपर्यंत झाकून ठेवू शकतो, आणि त्या घटकेला तो भुकेचा गुलाम नसून धनी असतो. श्रीमंताला मात्र भुकेल्याची आठवण राहावी, हेही ते विसरले नाहीत. याच ग्रंथाच्या २३ व्या प्रकरणात भुकेचे फायदे सांगताना त्यांनी हजरत यूसुफ (अ.) यांची गोष्ट घेतली आहे. मिसरची कोठारे ताब्यात असताना ते स्वतः पोटभर जेवत नसत, भुकेल्यांचा विसर पडेल या भीतीने. पण उपासमारीचेही गझालींना कौतुक नाही. पोटाला जडपणा जाणवू नये आणि भुकेची कळही जाणवू नये, हा मध्यम मार्ग त्यांनी शेवटी दिला आहे.

हे सारे सर्वांना रुचले असे नाही. दरबारी उलेमांवरची त्यांची टीका झोंबणारी होती, आणि त्यांच्या हयातीतच, ११०९ मध्ये, दूर स्पेनमधील कुर्तुबा येथे ‘इह्या’ जाहीरपणे जाळण्यात आला. ग्रंथ मात्र उरला. त्याचे सार त्यांनी फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’ म्हणून लिहिले आणि ते हिंदुस्थानातील घराघरांत पोचले. आजही त्याचा उर्दू तर्जुमा मिळतो. पालकांनी तो घरात आणावा, रोज्याचे प्रकरण लहानसेच आहे.

११०६ मध्ये निजामुल्मुल्कच्या मुलाच्या, वजीर फख्रुल्मुल्कच्या, आग्रहावरून ते निशापूरला पुन्हा शिकवायला बसले. पूर्वी मान मिळवून देणारी विद्या शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारी शिकवतो, असा फरक त्यांनी स्वतःच नोंदवला आहे. थोड्या काळाने ते तूसला, आपल्या गावी परतले. घराजवळ एक मदरसा आणि सूफींसाठी एक खानकाह होती. इतका मोठा आलिम, पण हदीसच्या अभ्यासात आपण मागे राहिलो असे वाटून अखेरच्या दिवसांत ते बुखारी आणि मुस्लिम यांचे संग्रह घेऊन पुन्हा विद्यार्थी झाले.

१८ डिसेंबर ११११, सोमवारची पहाट. हकीकत त्यांच्या भावाने, अहमदने सांगितलेली आहे. गझालींनी वुजू करून फजरची नमाज पढली आणि आपले कफन मागवले. ते हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले, डोळ्यांना लावले, किब्ल्याकडे तोंड करून पाय पसरले, आणि सूर्य वर येण्याच्या आत ते गेले.