चित्रपटाआधीचे सत्यजित रे : एका ग्राफिक डिझायनरची जडणघडण

भारतीय चित्रपटाला जागतिक प्रतिष्ठा मिळवून देणारे दिग्दर्शक म्हणून सत्यजित रे सर्वपरिचित आहेत. मात्र १९५५ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला, तेव्हा ते गेली बारा वर्षे कोलकात्यातील एका जाहिरात संस्थेत नोकरी करीत होते. जाहिरातींची मांडणी, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि अक्षरांची रेखाटने हाच त्यांच्या उपजीविकेचा व्यवसाय होता. आज ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेण्यासाठी अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षा आणि पदव्या यांची आखीव वाट आहे. रे यांच्या तरुणपणी ती तशी नव्हती. जे शिक्षण मिळाले तेही त्यांनी मध्येच सोडले. तरीही त्यांची जडणघडण अपुरी राहिली नाही, कारण ती एकाच वर्गखोलीत झाली नव्हती.

२ मे १९२१ रोजी कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. १०० गडपार रोड येथील ज्या घरात त्यांचे बालपण सुरू झाले, तेथेच कुटुंबाचा 'यू. रे अँड सन्स' हा छापखाना होता. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक आणि चित्रकार तर होतेच, शिवाय छायाचित्रे छापण्याच्या हाफटोन पद्धतीवरील त्यांच्या संशोधनाची दखल इंग्लंडमधील मुद्रणविषयक प्रकाशनांनी घेतली होती. १९१३ मध्ये त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. वडील सुकुमार रे यांनी इंग्लंडला जाऊन मुद्रणतंत्राचे शिक्षण घेतले. त्यांच्या विनोदी कविता आणि चित्रे बंगाली घराघरांत पोहोचली. शाई, खिळे, ठसे आणि कागद यांच्याशी या घराचे नाते असे दोन पिढ्यांचे होते.

हा वारसा हाती येण्याआधीच निसटला. १९२३ मध्ये सुकुमार यांचे काळआजाराने निधन झाले, तेव्हा सत्यजित अवघ्या अडीच वर्षांचे होते. पुढे काही वर्षांतच छापखाना बुडाला आणि घर सोडावे लागले. आई सुप्रभादेवी मुलाला घेऊन आपल्या भावाच्या आश्रयास गेल्या आणि विधवांसाठी चालणाऱ्या एका संस्थेत हस्तकला शिकवू लागल्या. चित्रकलेची ओढ असूनही सत्यजित यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. लवकर मिळवते व्हावे, ही निकड त्यांच्या पुढील प्रत्येक निर्णयामागे होती.

पदवीनंतर आईच्या आग्रहाखातर १९४० मध्ये ते शांतिनिकेतनात दाखल झाले. रवींद्रनाथ ठाकूर यांचे ते अखेरचे वर्ष होते. रे यांचा ओढा व्यावसायिक चित्रकलेकडे होता. कलाभवनात मात्र जाहिरातकला शिकविली जात नव्हती. तेथे शिकविले जात होते ते पाहणे. आचार्य नंदलाल बोस विद्यार्थ्यांना निसर्गासमोर बसवीत. झाड बुंध्यापासून वर वाढते, म्हणून कुंचल्याचा फटकाराही खालून वर गेला पाहिजे, अशी त्यांची शिकवण असे. बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडून पूर्वेकडील देशांच्या चित्रपरंपरेची आणि कुंचल्याने लिहिलेल्या अक्षरांची ओळख झाली. अक्षर हेही चित्रच असते, हा संस्कार येथे रुजला. याच काळात मित्रांसमवेत केलेल्या प्रवासात त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीची लेणी पाहिली. तोवर पाश्चात्त्य कलेकडे झुकलेल्या या तरुणाला भारतीय कलेची थोरवी महाराष्ट्रातील या लेण्यांसमोर उमगली.

अभ्यासक्रम पाच वर्षांचा होता. रे यांनी अडीच वर्षांतच शांतिनिकेतन सोडले. स्वतंत्र चित्रकार होण्याइतके सामर्थ्य आपल्या ठायी नाही, हे त्यांनी मनाशी ओळखले होते. डिसेंबर १९४२ मध्ये कोलकात्यावर जपानी बाँब पडले आणि ते घरी परतले. हाती कलेची कोणतीही पदविका नव्हती.

एप्रिल १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत कनिष्ठ व्हिज्युअलायझर म्हणून त्यांना नोकरी मिळाली. पगार होता महिना ८० रुपये. इंग्रज आणि भारतीय कर्मचाऱ्यांच्या वेतनात तफावत होती आणि तिचा सल कार्यालयात जाणवत असे. मात्र शांतिनिकेतनात जे मिळाले नव्हते, ते या मेजावर मिळाले. ठरलेल्या जागेत मजकूर आणि चित्र बसविणे, मुदत पाळणे, ब्लॉक करणाऱ्याला आणि छापणाऱ्याला नेमके काय लागते हे जाणणे, आणि पानावरची मोकळी जागाही बोलते हे ओळखणे. बंगालचे अलंकरण, अल्पना आणि लोककलेतील रेषा त्यांनी इंग्रजी वळणाच्या जाहिरातीत आणल्या. काही वर्षांतच ते संस्थेचे कलादिग्दर्शक झाले.

याच संस्थेतील सहकारी दिलीपकुमार गुप्ता यांनी सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली आणि मुखपृष्ठांचे काम रे यांच्याकडे सोपविले. येथे ग्राहकाची आडकाठी नव्हती. जीवनानंद दास यांचे काव्यसंग्रह, विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांचे 'चाँदेर पाहाड', पंडित नेहरूंचे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' अशा पुस्तकांना त्यांनी रूप दिले. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँमधील नरभक्षक वाघांवरील पुस्तकासाठी त्यांनी मुखपृष्ठावर वाघाचे पट्टेदार कातडे पसरले. त्यावर पुढच्या बाजूस गोळी शिरल्याचे लहान छिद्र होते आणि मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचे मोठे छिद्र. पुस्तकाचा विषय चित्रातच सांगून टाकण्याची ही हातोटी होती.

'पथेर पांचाली'च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रेही त्यांच्याकडेच आली. लाकडी ठशांच्या धर्तीची ती काळी-पांढरी चित्रे काढताना अपू आणि दुर्गा त्यांच्या मनात वस्तीला आले. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनच्या कार्यालयात पाठविले. तेथील मुक्कामात त्यांनी शंभराच्या घरात चित्रपट पाहिले. त्यांपैकी 'बायसिकल थीव्ह्ज'ने त्यांचा निश्चय पक्का केला.

१९५२ मध्ये चित्रीकरण सुरू झाले तेव्हाही नोकरी सुटली नव्हती. काम सुट्टीच्या दिवशी चाले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढावे लागले आणि पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. हाती रूढ अर्थाची पटकथा नव्हती, तर शाईने रंगविलेल्या दृश्यांची वही होती. निर्मात्यांना चित्रपट समजावून सांगण्यासाठी जाहिरात कार्यालयातील हे कौशल्य कामी आले. 'पथेर पांचाली' आणि 'अपराजितो' पूर्ण झाल्यावर त्यांनी ती स्थिर नोकरी सोडली.

नोकरी सुटली तरी मेज सुटले नाही. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके आणि श्रेयनामावली ते स्वतःच आखत. 'चारुलता'च्या आरंभी नायिका पतीच्या नावाचे आद्याक्षर रुमालावर भरते. अक्षर आणि कथा तेथे एकाच धाग्याने विणली जातात. १९६१ मध्ये त्यांनी आजोबांचे 'संदेश' पुन्हा सुरू केले आणि त्यासाठी अखेरपर्यंत चित्रे काढली. 'एक्षण' या नियतकालिकाच्या तीन अक्षरी नावाला ते वेगवेगळ्या अंकांतून नवनवे रूप देत राहिले. 'रे रोमन' आणि 'रे बिझार' या त्यांच्या रोमन मुद्राक्षरांना १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

ज्यांच्या नावाचा सर्वोच्च चित्रपट सन्मान रे यांना लाभला, ते दादासाहेब फाळकेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आणि पुढे छापखान्यातून चित्रपटाकडे वळले होते. या दोघांनाही चित्रपटाची भाषा गवसण्याआधी कागदावरची मांडणी अवगत झाली होती.

२३ एप्रिल १९९२ रोजी रे यांचे निधन झाले. बुडालेल्या छापखान्याने त्यांना कलेचा वारसा दिला, अर्ध्यावर सोडलेल्या कलाभवनाने दृष्टी दिली आणि ८० रुपयांच्या नोकरीने शिस्त दिली. अभ्यासक्रम अडीच वर्षांत थांबला, पण शिकणे पुढील पन्नास वर्षे चालू राहिले. ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची मुखपृष्ठे, भित्तिपत्रके आणि अक्षरे हीच एक खुली शाळा आहे.