घरच्यांना दाखवावासा वाटलेला एक चित्रपट : दादासाहेब फाळके यांची जीवनकथा

मुंबईच्या गिरगाव परिसरातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ हे नाव भारदस्त असले, तरी प्रत्यक्षात तो एक तंबू होता. १९१०-११ च्या सुमारास तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक परदेशी मूकपट लागला होता. चाळिशी गाठलेले, नुकतेच व्यवसायातून बाहेर पडलेले आणि पुढे काय करायचे याची चिंता असलेले एक गृहस्थ तो पाहण्यास गेले. पडद्यावर ख्रिस्ताच्या आयुष्यातील प्रसंग सरकत असताना त्यांच्या मनात मात्र गोकुळ, अयोध्या, राम आणि कृष्ण उभे राहू लागले. खेळ संपल्यावर ते घरी परतले, आणि दुसऱ्या खेपेस पत्नीला सोबत घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहण्यास गेले.

धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्रात पहिल्या खेपेचा उल्लेख नेहमी केला जातो. दुसरी खेप मात्र एखाद्या वाक्यात उरकली जाते. वास्तविक पाहता तीच अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. आपण पाहिलेले आपल्या माणसाने पाहिल्याशिवाय चैन न पडणे हा चित्रपटवेड्यांचा स्वभावच असतो. येथे त्या स्वभावाला संसाराचा प्रश्नही जोडलेला होता. फाळके यांच्या मनात जे घोळत होते, त्यात घरातील भांडीकुंडी आणि दागिने यांचाही होम होणार होता. सरस्वतीबाईंनी तो चित्रपट पाहिला नसता, तर पुढील दोन वर्षे त्या घराने कशाच्या बळावर काढली असती, असा प्रश्न पडतो.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. परंपरेप्रमाणे मुलानेही शास्त्री व्हावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मुलाचा कल मात्र चित्रे काढण्याकडे, नाटके करण्याकडे आणि हातचलाखीच्या खेळांकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर थोरल्या बंधूंसोबत ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण व छपाईची तंत्रे शिकले.

पुढची वीस वर्षे धरसोडीची वाटावी अशी आहेत. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यास परतून पुन्हा छायाचित्रे काढू लागले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले; फाळके हे आडनाव उलटे केले की केल्फा होते. १९०२ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातील गिरिजा करंदीकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. लोणावळ्यात छापखाना काढला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारीही केली. छापखान्याला चांगले नाव मिळत असतानाच भागीदारांशी बिनसले आणि फाळके बाहेर पडले. तंबूतील त्या खेळाला गेलेला माणूस तो हा.

सरस्वतीबाईंना चित्रपट दाखवून फाळके थांबले नाहीत. पडद्यावरील माणसे हलतात कशी, हे त्यांना समजून घ्यायचे होते आणि घरच्यांना समजावूनही सांगायचे होते. मग मुंबईत लागेल तो चित्रपट पाहण्याचा सपाटा सुरू झाला. दिवसा पुस्तके व साहित्य मिळवायचे, रात्री खेळ पाहायचे, घरी येऊन मेणबत्तीच्या उजेडात भिंगे आणि फिल्मचे तुकडे चाळायचे, आणि झोपायचे जेमतेम तीन तास. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांनी औषधोपचार करून आणि एकापेक्षा अधिक चष्मे आलटूनपालटून वापरायला लावून त्यांची दृष्टी वाचवली. ज्या माणसाला साऱ्या देशाला काही दाखवायचे होते, त्याचेच डोळे जाण्याची वेळ आली होती. त्या दिवसांत घरात मिळकत नव्हती आणि मुले लहान होती.

नातेवाइकांना आणि बहुतेक मित्रांना हा प्रकार वेडेपणाचा वाटला, यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. हिंदुस्थानात तोवर जे चित्रण झाले होते, ते मुख्यतः घडामोडींचे किंवा रंगभूमीवरील प्रयोगांचे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १९१२ च्या मे महिन्यात मुंबईत दाखवण्यात आला, पण ते नाटकाचे चित्रण होते आणि त्यावरील प्रक्रिया परदेशात झाली होती. संपूर्ण कथापट देशातच उभारायचा, म्हणजे यंत्रे, कच्ची फिल्म, प्रक्रियेचे ज्ञान, सारेच बाहेरून आणायला हवे होते. फाळके यांनी आपली १२ हजार रुपयांची विमा पॉलिसी तारण ठेवून १० हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनकडे निघाले.

लंडनमध्ये ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांची त्यांनी भेट घेतली. हिंदुस्थानात चित्रपट काढण्याच्या फंदात पडू नये, असाच सल्ला त्यांनी प्रथम दिला. पाहुण्याची जिद्द पाहिल्यावर मात्र त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे फाळके यांना नेले. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांना चित्रीकरण आणि प्रक्रिया जवळून पाहता आली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी खरेदी केले, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि सुमारे दोन महिन्यांनी ते परतले. चर्नी रोडचे बिऱ्हाड हलवून कुटुंब दादरला आले. तेथील बंगल्यात ‘फाळके फिल्म्स’ सुरू झाली.

यंत्रे आली, तरी पैसा नव्हताच. सावकार आणि स्नेही यांना तोंडी सांगून पटणार नाही, हे फाळके यांना ठाऊक झाले होते. पत्नीला त्यांनी जसे पडद्यासमोर नेऊन बसवले होते, तसेच आता इतरांना बसवायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी निवडलेला विषय मोठा मजेदार आहे. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून त्यांनी कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. ती फिल्म पडद्यावर सोडली, तेव्हा दाणा फुटून अंकुर वर येताना, पाने उलगडताना आणि वेल चढताना क्षणार्धात दिसली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा छोटा चित्रपट ओळखला जातो. देव नाहीत, राक्षस नाहीत, कथा नाही. घरातील कुंडी तेवढी. निवडक स्नेह्यांना तो दाखवण्यात आला आणि यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे साहित्याचे व्यापारी कर्ज देण्यास तयार झाले. उरलेली गरज सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भागवली.

‘राजा हरिश्चंद्र’ हा विषय निवडण्यामागेही हाच विचार दिसतो. वचनासाठी राज्य, पत्नी आणि मुलगा यांचा त्याग करणाऱ्या राजाची कथा घरोघरी माहीत होती. मूकपटात शब्द नसतात आणि पाटी वाचता येणारे थोडे. तेव्हा जी गोष्ट आजीपासून नातवापर्यंत सर्वांना आधीच ठाऊक आहे, तीच पडद्यावर घालणे शहाणपणाचे होते. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामतीसाठी स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. राजपुत्र रोहिदास झाला तो फाळके यांचा मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्याची जबाबदारी त्र्यंबक तेलंग या जुन्या परिचितांवर सोपवली होती.

त्या सहा-सात महिन्यांत दादरचे घर म्हणजे एकाच वेळी स्टुडिओ, प्रयोगशाळा आणि खानावळ होते. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई रांधत. दिवसा चित्रीकरण चालू असताना प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी हातात धरून त्या तासन् तास उन्हात उभ्या राहत. रात्री मुले झोपली की अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला छिद्रे पाडत आणि रसायनांचे मिश्रण करून फिल्म धुण्यास मदत करीत. छिद्र किंचित जरी चुकीच्या जागी पडले, तरी चित्र पडद्यावर थरथरणार. म्हणजे हे काम केवळ कष्टाचे नव्हते, कौशल्याचे होते. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात तंत्रज्ञ म्हणून पहिल्या काही नावांत त्यांचे नाव घ्यायला हवे. श्रेयनामावलीत ते आले नाही.

सुमारे ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी खुला झाला. प्रेक्षकांची खात्री नव्हती, म्हणून त्याच कार्यक्रमात नृत्य, विनोदी नकला आणि पायांनी कसरती करणारा कलावंत यांचीही जोड दिली होती. थोड्याच दिवसांत जोडीची गरज उरली नाही. माणसे बायकामुलांना घेऊन येऊ लागली.

गावोगावचा अनुभव मात्र सर्वत्र सारखा नव्हता. सुरतेत पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. थोडक्या पैशांत रात्र रात्र चालणारे नाटक पाहायला मिळत असताना दीड तासाच्या खेळाला कोण पैसे देणार, अशी तेथील प्रेक्षकांची रास्त शंका होती. फाळके यांनी जाहिरात बदलली. तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, असा हिशेब त्यांनी मांडला आणि खेळाला गर्दी झाली. छायाचित्रांचा आकडा खराच जवळपास तेवढा होता. लांबीचे मात्र तसे नाही. ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. ‘प्रोफेसर केल्फा’ येथे थोडेसे जागे झाले असावेत.

१९१३ मध्येच फाळके यांनी आपला कारभार नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या प्रथमच स्त्रीभूमिकांत दिसल्या, कमलाबाई म्हणजे अभिनेते चंद्रकांत गोखले यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखले यांच्या आजी. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले आणि तेथेच राहून काम करण्याचे प्रस्तावही आले. ते त्यांनी स्वीकारले नाहीत. परतल्यावर महायुद्धामुळे भांडवल आटले आणि पुन्हा गहाणवटीचे दिवस आले. १९१७ च्या ‘लंका दहन’ने ते पालटले. याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, आणि जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असे सांगितले जाते.

१९१८ मध्ये भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची मुलगी मंदाकिनी हिने केली. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके काशीला निघून गेले, तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, काही काळाने परतून पुन्हा कामास लागले. बोलपट आल्यावर त्यांचे युग मागे पडत गेले. कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. अखेरची वर्षे नाशिकमध्ये ओढगस्तीत आणि विस्मरणात गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साठी प्रथम अभिनेत्री देविका राणी यांना देण्यात आला. पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीची कथा परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मधून मांडली. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड हीच होती.

फाळके यांच्या असंख्य चित्रपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकी रिळे आणि इतर काही चित्रपटांचे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करण्यात आले. त्या मानाने ‘कालिया मर्दन’ बराचसा वाचला आहे. त्याच्या आरंभी कृष्णकथा लगेच सुरू होत नाही. आधी सात वर्षांची मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहून एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. वडील कॅमेऱ्यापलीकडे उभे असणार. मग हळूहळू ती मुलगी विरत जाते आणि तिच्या जागी मुकुट घातलेला बाळकृष्ण दिसू लागतो.