बिघडलं तर पाठवायचं कुठं?

ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला तर तिवस्याचा माणूस काय करतो? हायवेवरच्या मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री चार नट खोलतो, हात पुसतो आणि सांगतो की पार्ट गेला, अमरावतीहून आणा. पार्ट येतो, बसतो आणि संध्याकाळी ट्रॅक्टर पुन्हा वावरात. ट्रॅक्टरच उचलून कंपनीत पाठवायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा बंदूक एकेक करून हातानं घडवली जायची. तिचा स्क्रू दुसऱ्या बंदुकीला बसेलच याची खात्री नसायची. काही तुटलं की एकच रस्ता, जिनं बनवली त्या हाताकडं परत पाठवा. नाहीतर दुसरा कसबी कारागीर शोधा आणि तो पार्ट नव्यानं घडवून घ्या.

ही अडचण मोडायचा ध्यास ज्यांनी घेतला, त्यातला एक होता सॅम्युअल कोल्ट. रिव्हॉल्व्हरवाला कोल्ट.

सॅम्युअलचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा. आई लहानपणीच गेली. पोरगं हुशार, पण उपद्व्यापी. शाळेत आतषबाजीचा असा काही उद्योग केला की शाळा सुटली ती सुटलीच. वैतागलेल्या वडिलांनी त्याला १८३० मध्ये जहाजावर पाठवून दिलं. वय सोळा. जहाज निघालं होतं आपल्या कलकत्त्याला!

त्या प्रवासात जहाजाचं चाक तो तासन्‌तास बघायचा, अशी गोष्ट सांगतात. चाक कसंही फिरवा, त्याची एक आरी नेमक्या जागी येऊन अडकते. त्यावरून त्यानं लाकडाचं एक मॉडेल कोरलं. त्यात एक गोल सिलिंडर होतं. घोडा ओढला की ते एक घर पुढं सरकणार आणि पुढची गोळी बरोबर नळीसमोर येणार. फिरत्या बंदुकीची कल्पना त्याच्या आधीही होती. पण भरवशानं चालेल आणि कारखान्यात बनेल अशी ती कोल्टनं केली.

परत आला तर खिशात पैसे नाहीत. मग पठ्ठ्यानं काय करावं? नाव थोडं बदलून डॉक्टर झाला आणि गावोगावी तिकीट लावून लोकांना लाफिंग गॅस हुंगवायचे खेळ केले. जाहिरातीत लंडन, न्यूयॉर्कच्या जोडीला कलकत्त्याचंही नाव टाकलं. त्या कमाईतून नमुने बनवून घेतले. २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि पॅटरसन गावात कारखाना सुरू झाला.

आणि १८४२ मध्ये बंद पडला. माल नाजूक, किंमत जास्त, सरकारी ऑर्डर तुटपुंजी. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कोल्टकडं कारखाना उरला नाही.

पुढची पाच वर्षं त्यानं पाण्याखालचे सुरुंग आणि तारायंत्राच्या केबलवर काढली. मग मेक्सिकोचं युद्ध सुरू झालं. सॅम्युअल वॉकर नावाच्या कॅप्टननं त्याची जुनी रिव्हॉल्व्हर लढाईत वापरली होती. तिच्यात काय कमी पडतं हे त्यानं सांगितलं आणि १८४७ मध्ये १००० नगांची सरकारी ऑर्डर आली. गंमत अशी सांगतात की तेव्हा कोल्टकडं स्वतःची एकही रिव्हॉल्व्हर नमुन्याला शिल्लक नव्हती. कारखानाही नव्हता. दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून त्यानं ऑर्डर पुरी केली. वापरणाऱ्याची तक्रार ऐकून वस्तू सुधारायची, हा धडा त्याला तिथं मिळाला.

१८५५ मध्ये हार्टफर्डला नदीकाठी त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. एलिशा रूट हा त्याचा कारभारी, यंत्रांचा खरा जाणकार. प्रत्येक यंत्र एकच काम करणार, हजार वेळा, एकाच मापात. पार्ट सगळे सारखे, म्हणून तुटलेला काढा आणि नवा बसवा, असा कोल्टचा दावा होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यानं हेच मिरवलं.

पण खरी गोष्ट थोडी वेगळी होती. शेवटी कानस लागायचीच. मिस्त्री पार्ट घासून एकमेकांत बसवायचे, पुन्हा खोलायचे, पॉलिश करायचे आणि परत जोडायचे. या गडबडीत एकाचा पार्ट दुसऱ्यात जाऊ नये म्हणून नळी, सांगाडा, सिलिंडर अशा मुख्य भागांवर एकच नंबर ठोकलेला असायचा. म्हणून आजही जुनी रिव्हॉल्व्हर बिघडली की जाणकार मालक आधी बघतो, बनवणाऱ्या कंपनीकडं पाठवता येईल का? नवा पार्ट नुसता आणून चालत नाही, तो बसवणारा हात लागतो. आणि अडाणी हातानं घासून चकचकीत केली, तर नंबर जातो आणि नंबरासोबत तिचा इतिहासही.

कोल्टच्या चोपडीत काळी पानंही आहेत. ऑर्डर मिळवायला तो अधिकाऱ्यांना नक्षीदार रिव्हॉल्व्हर भेट द्यायचा. अमेरिकेत यादवी दारात उभी असताना त्यानं उत्तरेसोबत दक्षिणेलाही माल विकला आणि वर्तमानपत्रांच्या शिव्या खाल्ल्या. १० जानेवारी १८६२ ला तो गेला, अवघा ४७ वर्षांचा. दोनच वर्षांनी कारखाना जळाला. त्याची बायको एलिझाबेथ हिनं तो पुन्हा उभा केला.

त्याच कंपनीचं एक पिस्तूल पुढं आपल्या इतिहासात आलं. १७ डिसेंबर १९२८, लाहोर. साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. भगतसिंगांच्या हातात .३२ बोअरचं कोल्ट होतं. शेजारी होते आपले राजगुरू, ज्यांनी कधीकाळी अमरावतीच्या हनुमान व्यायामशाळेत तालीम केली होती. ते पिस्तूल पुढं कितीतरी वर्षं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर शस्त्रांमध्ये पडून होतं. वर रंगाचा थर, म्हणून कुणी ओळखलं नाही. काही वर्षांपूर्वी रंग खरवडला, तर खाली नंबर निघाला, १६८८९६. तो जुन्या नोंदींशी जुळला. कुणी ते कानशीनं साफ करून ठेवलं असतं, तर आज ते नुसतं लोखंड असतं.

म्हणून कुणाच्या घरी आजोबांची जुनी बंदूक कपाटात असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. परवाना तुमच्या नावावर नसेल तर हात लावू नका, आधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि दुरुस्तीच्या नावाखाली नंबर कुणाला घासू देऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं तो गुन्हाच आहे.

ट्रॅक्टरचा पार्ट अमरावतीहून येतो आणि दोन तासांत बसतो, त्यामागं अनेकांची मेहनत आहे. त्यातला एक होता शाळा सुटलेला, एकदा दिवाळं निघालेला हा माणूस. त्याच्या हातून जे बनलं त्यानं माणसंही मेली, हे विसरायचं नाही. पण मोडलेली वस्तू कुठंही, कुणालाही पुन्हा जोडता यावी, हा त्याचा हट्ट तेवढा आपण ठेवून घेऊ.