पैशाचा हिशेब आणि माणसांचा हिशेब : महर्षी शिंदे यांची परळची संस्था

नायगाव (मुंबई) : आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी कधी तरी नायगाव, परळ, लालबागला गिरणीत होतं. कोणी बीडीडी चाळीत राहिलं, कोणी खानावळीत जेवून गावाला मनिऑर्डर पाठवली. या भागात संस्था, मंडळं, युनियन खूप झाल्या. त्यातल्या एका जुन्या संस्थेची आणि ती काढणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. माणूस म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, तेव्हाच्या जमखंडी संस्थानातला. आज ते गाव कर्नाटकात आहे. घर मराठा, वारकरी वळणाचं. पुढे घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. तरी पोरगं हुशार म्हणून पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेलं, बी. ए. झालं. वकिली करून पैसा कमवता आला असता. पण ते प्रार्थना समाजाकडे वळले. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा अभ्यास केला. परत आले ते मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून.

प्रचारासाठी फिरताना त्यांनी गावकुसाबाहेरचे हाल पाहिले. १९०५ च्या सुमारास नगरजवळच्या भिंगारला महार मंडळींची रात्री सभा झाली. त्या सभेतून परतताना या कामाला आयुष्य द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण लगेच पावतीबुक छापून वर्गणी मागायला ते निघाले नाहीत. आधी जनगणनेचे आकडे काढले. अस्पृश्य मानलेली माणसं देशात किती, कुठल्या प्रांतात किती, त्यांच्यासाठी शाळा किती, हे कागदावर मांडलं आणि छापून लोकांपुढे ठेवलं. काम केवढं आहे हे आधी सांगायचं आणि मग पैसा मागायचा, असा हा क्रम होता.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला शाळा उघडली. संस्थेचं मराठी नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. लोक तिला डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. सुरुवातीला शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर. सचिव शिंदे, आणि खजिनदार दुसरेच गृहस्थ.

वाचकहो, इथं जरा थांबा. संस्था शिंदे यांच्या डोक्यातून आली, घाम त्यांचा, पायपीट त्यांची. तरी पैशाची पेटी त्यांनी आपल्याकडे ठेवली नाही. पैसा मागणारा एक, सांभाळणारा दुसरा, आणि वर विचारणारी कमिटी. शिवाय दरवर्षी छापील अहवाल निघायचा. काम किती झालं, जमा काय, खर्च काय, हे देणगीदाराला घरी बसून वाचता यायचं. त्या वेळी आजचा सार्वजनिक न्यासांचा कायदा नव्हता. ही सवय त्यांनी स्वतः लावून घेतली होती.

मी शेतकरी माणूस. गावच्या यात्रा कमिटीत दोन वर्षं वही माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी मी जमाखर्च देवळाच्या भिंतीला लावला, तर जवळचीच माणसं म्हणाली, कशाला लोकांना बोलायला जागा करून देतोस? दुसऱ्या वर्षी मीही कंटाळा केला. कागद लावला नाही, आणि तेव्हाच बोलणं सुरू झालं. एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता, पण ते सांगायला माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणून शिंदे यांच्या अहवालाचं मोल मला जास्त वाटतं.

शिंदे यांचं सगळं घर या कामात होतं. बहीण जनाक्का, पत्नी रुक्मिणीबाई, आईवडील. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याच शेजारी हे कुटुंब राहायला गेलं. स्वतःच्या जातीची, नात्यागोत्याची माणसं दुरावली. मिशनचं काम मुंबईबाहेरही वाढलं, शाळांबरोबर वसतिगृहं निघाली. पुण्यात अहिल्याश्रम उभा राहिला, त्याला इंदूरच्या होळकर महाराजांची मोठी देणगी मिळाली.

खरी कसोटी पुढे आली, आणि ती रुपया-आण्यांची नव्हती. १९१९ च्या सुमारास कायदेमंडळातल्या अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वावरून शिंदे आणि अस्पृश्य समाजातले नवे पुढारी यांच्यात अंतर पडलं. शिकलेली तरुण पिढी विचारू लागली, संस्था आमच्या नावानं, मग कारभार दुसऱ्यांच्या हातात का? देणगीदाराला अहवाल जातो, पण ज्यांच्या नावानं देणगी येते त्यांना कोण विचारतं?

हा प्रश्न शिंदे यांना लागला असणार. सतरा वर्षं राबलेल्या माणसाला तो लागणारच. १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. संस्था चालू राहिली. तिला त्यांनी आपली वतनदारी केली नाही. तरी खरं ते लिहिलं पाहिजे. सुरुवातीपासून त्या समाजाची जास्त माणसं कमिटीत असती, तर हा दुरावा इतका वाढला नसता, असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९२४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परळच्याच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय उघडलं. तिथं सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे मोठे लोक अध्यक्ष म्हणून होते, पण रोजचं काम पाहणाऱ्या कमिटीचं अध्यक्षपद स्वतः बाबासाहेबांकडे होतं. शिंदे यांच्या संस्थेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं जवळच परळमध्ये मिळालं.

शिंदे मात्र गप्प बसले नाहीत. १९२८ च्या सुमारास लहान शेतांच्या बिलाविरुद्ध ते शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी येरवड्याला सहा महिन्यांची सजा भोगली. २ जानेवारी १९४४ रोजी ते गेले.

आज कायदा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदणी झालेल्या न्यासाला हिशेब ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो आणि धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी लागते. हक्कासाठी लढणारी संस्था असो की गावची यात्रा कमिटी, पावती मागा, खजिनदार कोण ते विचारा. आणि ज्यांच्या नावानं पैसा गोळा होतो त्यांच्यापैकी किती जण कमिटीत बसतात, तेही विचारा. असं विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही. प्रश्न विचारले गेले म्हणून शिंदे लहान झाले नाहीत.